राहू द्या हो, पडलाच तो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेतून कट्ट असा आवाज आला. तो कागदावर ऐकू येणार नाही, म्हणून लिहून कळवते.) तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुला सगळं लख्ख दिसायला लागलंय आणि समोरच्या बिऱ्हाडाला तू 'खिडक्या कधी पुसणार?' असं विचारून आलीस, हे कानावर आलं. ऐकून जीव भांड्यात पडला. म्हणजे तब्येत मूळपदावर आली. इकडे ह्यांचा रक्तदाब ठीक आहे. माझ्या जिवाचं काय विचारतेस, तो आहे अजून, पण त्यात राम नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्याचं बोल' म्हणतेस आणि तिसऱ्याला फोन ठेवतेस. मला मुद्दा सापडायला वेळ लागतो, हे तुला मी पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. तेव्हा शांतपणे वाच. आधी शेवटचं पान उलटून बघायची तुझी जुनी खोड आहे, ती निदान ह्या वेळी आवर. पण तू आवरणार नाहीस, म्हणून वाईट बातमी इथेच सांगून टाकते: मी हरले. लेकीकडे बाळंतपणाला आधी मी जाणार नाही, विहीणबाई जाणार आहेत. आणि हे सगळं दोन फूट लांबीच्या एका टोल्यावरून झालं. टोलासुद्धा माझा नव्हता.

आता पहिल्यापासून सांगते. व्याही गेले त्यानंतर विहीणबाई घरात एकट्या पडल्या. जावई आणि लेक तिकडे लांब. लेक मला फोनवर म्हणाली, आई, त्यांना जरा घराबाहेर काढ, त्या दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात. आता बाहेर काढायचं म्हणजे न्यायचं कुठे? तेवढ्यात माझ्याकडे कवळी बसवून घेतलेले एक गृहस्थ खूश होऊन म्हणाले, मी गोल्फ क्लबचा सेक्रेटरी आहे, तुम्ही दोघी येत चला. (कवळी खरंच चांगली झाली होती. तेव्हा माझे हात चांगले होते.) अशा रीतीने एक दातांची डॉक्टर आणि एक जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या बाई, अशा दोन विहिणी टोप्या घालून मैदानात उतरल्या. ह्यांनी आम्हाला निघताना पाहिलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र हलत होतं.

तुला हा खेळ माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. काठीने चेंडू मारत मारत लांबवरच्या एका भोकापर्यंत न्यायचा. भोकाच्या भोवती गवत अगदी गालिच्यासारखं बारीक कापलेलं असतं, त्याला ग्रीन म्हणतात. एकदा ग्रीनवर आलं की मोठ्या काठ्या ठेवायच्या आणि पटर नावाची एक चपटी काठी घेऊन चेंडू हळूच भोकात लोटायचा. ह्या लोटण्याला पट म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे, हे तर शेंबडं पोरही करील. घोडं पेंड खातं ते नेमकं इथेच. लांबचा टोला वाकडा गेला तर माणूस वाऱ्याला शिव्या देतो. दोन फुटांवरून चुकलं तर शिव्या द्यायला आपल्याशिवाय कोणी उरत नाही.

वास्तविक आम्हा दोघींना हे जमायलाच हवं होतं. मी तीस वर्षं लोकांच्या अक्कलदाढेच्या मागच्या अंधारात सुई चालवते. विहीणबाईंनी सगळी नोकरी कुठली जमीन कुठे उतरते हे बघण्यात घालवली. त्या ग्रीनवर एक गुडघा टेकून, एक डोळा मिटून उतार सांगतात तेव्हा सेक्रेटरीसुद्धा टोपी काढतात. उतार बरोबर निघतो. चेंडू मात्र त्यांचं ऐकत नाही.

आता ह्या खेळात एक पद्धत आहे, आणि तिनेच आमचं वाटोळं केलं. दोघं एकमेकांविरुद्ध खेळत असली आणि एकाचा चेंडू भोकाच्या अगदी कडेला येऊन थांबला, की दुसरा म्हणू शकतो, दिला. म्हणजे पडला असं धरायचं आणि चेंडू उचलायचा. वेळ वाचतो, सौजन्य दिसतं. ही पद्धत ज्याने काढली त्याला विहीण नसावी. पहिल्याच दिवशी त्यांचा चेंडू भोकापासून वीतभर राहिला आणि मी म्हटलं, राहू द्या हो, पडलाच तो. मुलाची आई ती, तिला वीतभरासाठी काय वाकायला लावायचं? पुढच्या भोकाला माझा चेंडू हातभर राहिला. त्यांनी वीतभराची परतफेड हातभराने केली. मग मी गप्प कशी बसेन? मी दोन हातांचा दिला. असं करत करत आमचं सौजन्य भोकापासून लांब लांब सरकत गेलं. एकदा तर त्यांचा चेंडू ग्रीनवर अजून घरंगळतच होता आणि मी राहू द्या म्हणून मोकळी झाले. तो शेवटी जाऊन वाळूच्या खड्ड्यात पडला. पण दिला म्हणजे दिला.

ह्यातून जे व्हायचं तेच झालं. टोले लिहायच्या कार्डावर आमचे आकडे इतके सुंदर दिसू लागले की आम्हीच एकमेकींना म्हणायला लागलो, आपल्या पटिंगमध्ये आता सातत्य आलं. दर भोकाला दोन पट. ना कमी ना जास्त. सेक्रेटरींनी आकडे पाहिले आणि आम्हाला बायकांच्या मासिक स्पर्धेत उतरवलं. त्या स्पर्धेत प्रत्येक टोला मोजतात आणि कोणी कोणाला काही देत नाही, हे त्यांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलंही होतं. पण आपल्याला ते कधी लागू होईल असं वाटलंच नव्हतं.

पहिल्या भोकाला माझा चेंडू भोकापासून दीड-दोन फुटांवर थांबला. मी सवयीने वाकून उचलायला गेले, तर बरोबरच्या बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांच्या पर्समध्येच हात घातला आहे. मग मी पटर धरला. ताई, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतक्या दिवसांत दोन फुटांचा पट मी एकदाही मारलेला नव्हता. चार लागले. पहिला भोकाच्या पलीकडे, दुसरा अलीकडे, तिसरा भोकाला प्रदक्षिणा घालून परत माझ्याच पायाशी. पलीकडच्या ग्रीनवर विहीणबाईंची तीच गत चालली होती. स्पर्धेत आम्ही शेवटून पहिल्या आणि शेवटून दुसऱ्या आलो. कोण कितवी हे सांगत नाही. (त्या दुसऱ्या.)

तेव्हापासून मी हा रोग मुळापासून काढायचं ठरवलं. सेक्रेटरी म्हणाले, मनगट मोडायचं नाही, डोळे चेंडूच्या बरोब्बर वर ठेवायचे, काठी जेवढी मागे तेवढीच पुढे न्यायची, आणि चेंडू पडल्याचा आवाज कानावर येईपर्यंत मान वर करायची नाही. पहिल्या तीन गोष्टी मी पाळल्या. चौथी पाळली असती तर अजून तिथेच मान खाली घालून उभी असते. घरी हॉलमध्ये पेला आडवा ठेवून सराव सुरू केला. पेला ह्यांच्या खुर्चीच्या बाजूला, कारण तेवढीच सरळ जागा आहे. ह्यांच्या घोट्याला इतके चेंडू लागले की आता 'टक्' असा आवाज ऐकला की हे पाय वर घेतात. परवा दारावर कुणी टकटक केलं तर हे दोन्ही पाय वर घेऊन बसले आणि दार कोणी उघडेचना.

मग दवाखान्यात सराव सुरू केला. इंजेक्शन दिल्यावर हिरडी बधिर व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढाच वेळ सत्कारणी लागतो. एकदा खुर्चीत खुद्द सेक्रेटरीच होते. (खालचे चार दात त्यांचे स्वतःचे आहेत, त्यातला एक किडला होता.) चेंडू त्यांच्या खुर्चीखाली गेला. मी पटर आत घालून तो ओढायला लागले, तर पटर खुर्ची कलवायच्या पायपट्टीवर दाबला गेला. खुर्ची मागे जायला लागली. मी खाली वाकलेली, मला काय कळणार. ते वरून काहीतरी बोलत होते, पण ओठ बधिर, त्यामुळे मला वाटलं मनगटाबद्दल सांगताहेत. हो हो, मनगट सरळच ठेवलंय, असं म्हणून मी आणखी जोर लावला. चेंडू निघाला तेव्हा त्यांचं डोकं जमिनीकडे होतं आणि बूट माझ्या दिव्याला टेकले होते. भला माणूस. दात भरून घेतला आणि जाताना एवढंच म्हणाला की तुम्ही दातांच्या मागे लागा, गोल्फचं राहू द्या. 'राहू द्या' हे शब्द मला तेव्हाही गोडच वाटले. इतकी मी बिघडले होते.

सरावाचा परिणाम म्हणशील तर पालथ्या घड्यावर पाणी. घरी पेल्यात दहातले नऊ, मैदानात भोकात दहातले दोन. आधी नुसता हात थरथरायचा, आता का थरथरतो त्याची कारणंही पाठ झाली. मी हा खेळ सोडूनच देणार होते. पण तेवढ्यात लेकीचा फोन आला.

ती इकडे येणार नाही हे तुला माहीतच आहे. तिची डॉक्टर तिकडे, नोकरी तिकडे. ती म्हणाली, आमच्याकडे जास्तीची खोली एकच, तिच्यात कॉट एक. पहिले दोन महिने एक आजी, पुढचे दोन महिने दुसरी. आधी कोण, ते तुम्ही दोघींनी ठरवा, मला मधे घेऊ नका. एवढं बोलून तिने फोन ठेवला. (ही तुझ्यावर गेली आहे.)

ताई, मला आधी जायचं होतं. तुझ्याशी काय लपवायचं. ते बाळ पहिल्यांदा ज्या हातात येईल ते हात माझे असावेत, आणि माझी लेक दमून झोपली की तिच्या अंगावर पांघरूण मी घालावं, एवढंच मला हवं होतं. हे एक साधं वाक्य होतं. ते विहीणबाईंसमोर म्हणायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही आधी जा. त्या म्हणाल्या, छे, असं कसं, आईचा मान पहिला, तुम्ही जा. मी म्हटलं, तुमचा एकुलता एक मुलगा, तुम्हीच जा. असे पंधरा दिवस आम्ही क्लबच्या व्हरांड्यात चहा गार करत बसलो. त्यांनाही जायचं होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी दोन टोपडी विणून ठेवली होती आणि तिसऱ्याचा धागा पर्समधून बाहेर लोंबत होता. रिकाम्या घरात बसून बाईने दुसरं काय विणायचं? पण मी तरी माझी जागा का सोडू? आणि सोडायची नव्हती तर सारखी तुम्ही जा का म्हणत होते? आपली आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. आईने ते तुला सांगितलं असावं, माझ्या वाट्याला नुसती भीड आली.

शेवटी सेक्रेटरी वैतागले. पलीकडच्या टेबलावरून म्हणाले, बायांनो, नऊ भोकं खेळा, जी जिंकेल ती आधी जाईल. आम्ही दोघी हसलो आणि म्हटलं, चालेल की, खेळच तर आहे. घरी जाऊन आधी पेला आडवा ठेवला.

रविवारी खेळलो. सेक्रेटरी पंच. त्या दिवशी कोणी कोणाला काही दिलं नाही. पहिल्या ग्रीनवर त्यांचा चेंडू दोन फुटांवर थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढगांकडे पाहिलं. त्या वाकल्या आणि चुकल्या. मग माझी वेळ आली, त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मीही चुकले. इतके दिवस मी समजत होते, ह्या बाईंचे असले पट पडतातच, आपण नुसते त्यांचे कष्ट वाचवतो. एकही पडत नव्हता. त्याही माझ्याबद्दल तेच समजत असणार. आठ भोकं आम्ही अशाच एकमेकींचं पितळ उघडं पाडत खेळलो. आठ भोकांनंतर बरोबरी.

नवव्या भोकाला माझा चेंडू एकदाचा पडला. विहीणबाईंचा एक पट राहिला होता, जेमतेम दोन फूट. तो पडला तर त्या जिंकणार. एकदा चुकल्या तर बरोबरी, दोनदा चुकल्या तर मी. आणि त्या दिवशी त्या जोडीनेच चुकत होत्या. ताई, मी मनातल्या मनात बॅग भरली. त्यांनी गुडघा टेकला, डोळा मिटला, उतार पाहिला. उठून पटर धरला. मनगटात व्याह्यांचं घड्याळ आहे, सैल, ते खाली-वर होत होतं. आणि माझं तोंड उघडलं आणि म्हणालं, राहू द्या हो, पडलाच तो.

मला त्यांची दया आली असं तुला वाटेल. तसं असतं तर निदान पुण्य तरी पदरात पडलं असतं. दया नव्हती गं. दारात कोणी आलं की तोंडातून जसं 'या, बसा' निघतं, तसं ते निघालं. त्यांनीही सवयीने 'थँक्यू हं' म्हणून चेंडू उचलला. मग आम्ही दोघी एकदम जागच्या जागी उभ्या राहिलो. मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते मान खाली घालून म्हणाले, एकदा दिला की परत घेता येत नाही, नियम आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दातांचं तरी मी काही करू शकते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं (पहिल्यांदाच). मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडले. मग बाहेर आले, तर ह्यांनी पेला आडवा ठेवला होता आणि पाय आधीच वर घेतले होते. मला आणखीनच रडू आलं.

असो. तुला उगाच त्रास दिला. गुडघ्याला जप, जिने चढू नकोस. भावजींना नमस्कार, आणि तुझ्या शेजाऱ्यांना माझी सहानुभूती.

तुझी,
धाकटी

ता. क. — गोल्फ कायमचा सोडला. पटरने आता हे खुर्चीतून न उठता पडदा सरकवतात. त्याचा असा उपयोग पहिल्यांदाच होतो आहे, आणि दरवेळी बरोबर होतो.

ता. क. २ — पाकीट बंद करणार तेवढ्यात विहीणबाई आल्या. त्या तीन दिवस त्यांच्या भावाकडे निघाल्या आहेत, म्हणजे तुझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. पत्र त्याच आणून देतील. आत्ता हॉलमध्ये बसल्या आहेत, मी आतून लिहिते आहे. आल्या आल्या त्या म्हणाल्या, रविवारपासून मला झोप नाही, तो पट माझा पडला नसता हे मला माहीत आहे, विहीणबाई, तुम्हीच आधी जा. अगदी मनापासून म्हणाल्या, डोळ्यांत पाणी होतं. आणि ताई, मी म्हटलं, छे छे, ठरलं ते ठरलं, तुम्हीच जा. त्या पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी मी जीभ दातांखाली धरून ठेवली होती, तरी ती सुटली.

ता. क. ३ — आता मुद्दा. तू हे वाचत असशील तेव्हा त्या तुझ्यासमोर चहा घेत बसलेल्या असतील. तुझ्यापाशीही त्या तेच म्हणतील, कारण त्यांना खरंच तसं वाटतंय: तुमच्या बहिणीलाच आधी जाऊ द्या. आपल्या घरात एक तूच अशी आहेस की आयुष्यात कोणाला 'राहू द्या' म्हणाली नाहीस. लहानपणी ताटातला शेवटचा घास तू उचलायचीस आणि मी तुला हावरट म्हणायचे, ते मी आज परत घेते. तर पत्राची घडी घाल, चष्मा काढ आणि म्हण, 'बरं.' दोन महिने झाले की एक दिवसही जास्त न राहता मी कॉट रिकामी करीन, हेही सांग. त्या चहाचा कप खाली ठेवतील आणि 'नक्की ना?' असं विचारतील. तेव्हाही 'बरं'च म्हण.